इन्स्पेक्टर सिंग मरायलाच हवे होते का?

जून 2023 मध्ये आलेला ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, कुणी इंग्रजीत, कुणी इथं चेन्नईत तमिळमध्ये. ॲनिमेशन म्हटलं की पालक पिक्चर मुलांवर सोडून देतात. हा त्यांनीही पाहावा, आणि प्रशिक्षकांनी तर जरूर पाहावा.

देव दयाळू आहे, सर्वशक्तिमानही आहे, मग निरपराधांच्या वाट्याला दुःख का? प्रश्न जुना आहे. वनात हाल सोसणारी द्रौपदी युधिष्ठिराला हेच ऐकवते: विधाता माणसांना कळसूत्री बाहुल्यांसारखा नाचवतो. सुपरहिरोंच्या गोष्टीत एरवी याची फार चर्चा होत नाही. खलनायक हरला की वाईट संपलं, चला घरी. इथं मात्र ‘वाईट घडू द्या’ असं सांगणारा मिगेल ओ’हारा स्वतःच एक स्पायडर-मॅन आहे. त्याचं म्हणणं असं, की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही मृत्यू ठरलेले असतात. त्यांतून तो घडतो. ते टाळले, तर अख्खं विश्व कोसळतं.

मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या मुंबॅटनमध्ये माइल्स नेमकं हेच मोडतो. तो इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो, आणि शहरात भगदाड पडतं. पुढे कळतं, की असाच मृत्यू त्याच्या वडिलांच्याही नशिबी लिहिलेला आहे.

मिगेलला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याने स्वतः एक विश्व आणि त्यातली मुलगी गमावली आहे. तो जळलेला माणूस आहे. फौजेतही जीवितहानीचा अंदाज धरूनच योजना आखतात, त्यामुळे त्याचं बोलणं आपल्या कानांना ओळखीचं वाटतं. तरीही तो चुकतो, असं माझं मत आहे. सगळ्यांना वाचवता येणार नाही हे जाणून निघणं वेगळं, आणि वाचवायला धावणाऱ्याचे पाय धरणं वेगळं.

आपण ज्या परमेश्वरन ड्रिल स्क्वेअरवर घाम गाळतो, त्या नावाचंच पाहा. मेजर रामास्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मले, 1972 मध्ये चेन्नईच्या याच संस्थेतून अधिकारी झाले. 25 नोव्हेंबर 1987 रोजी ते श्रीलंकेत 8 महारच्या जवानांसोबत होते. शोधमोहिमेवरून परतताना रात्री त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केलं आणि शेवटपर्यंत ते हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या नावाने आज आपली छाती फुगते. पण आपल्याला प्रेरणा मिळावी म्हणून ते जायलाच हवे होते, असं त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून कुणी म्हणेल? मिगेलचा हिशेब मान्य केला, तर तसं म्हणावं लागेल.

माइल्सचाही हिशेब पूर्ण नाही, हे मान्य. त्याच्या हट्टाची किंमत मुंबॅटनच्या लोकांनी मोजायची का? चित्रपट उत्तर न देताच अर्ध्यावर थांबतो. पुढच्या भागात ते भगदाड कुणाचा बळी न देता बुजलं, तर मला आनंदच होईल. फुकटात बुजलं, तर मात्र तिकिटाचे पैसे वाया गेले असं मी समजेन.