बायोप्सीच्या कागदावरची प्रथिने

वाशिम, कारंजा किंवा मंगरूळपीरहून मेंदूच्या गाठीचा रुग्ण घेऊन घरचे लोक अकोला, नागपूर, नाहीतर थेट मुंबई गाठतात. ऑपरेशन होते, गाठीचा तुकडा तपासायला जातो आणि काही दिवसांनी हातात रिपोर्ट पडतो. त्यावर केआय-६७, आयडीएच-१, पी-५३ अशी नावे असतात. ही सगळी प्रथिने, म्हणजे प्रोटीन, असे कुणी सांगितले की घरात पहिला प्रश्न निघतो : मग अब्बांची अंडी, मटण, डाळ बंद करायची का?

मुळीच नाही. आपण खाल्लेली प्रथिने पोटात पचून सुटी होतात. रिपोर्टमधली प्रथिने गाठीच्या पेशी स्वतः घडवतात. शेक आणि औषधे सोसणाऱ्या शरीराला सकस आहार लागतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटातले काही काढू नका.

केआय-६७ हे वाढीचे माप आहे. पेशी विभागत असतानाच ते दिसते. जर्मनीतल्या कील शहरातल्या शास्त्रज्ञांनी १९८३ साली त्याची ओळख करून दिली. 'केआय' ही त्या शहराचीच अक्षरे. रिपोर्टमध्ये ३० टक्के लिहिले तर सुमारे तेवढ्या पेशी वाढीच्या मार्गावर आहेत, एवढाच अर्थ. रुग्ण वाचण्याची शक्यता ३० टक्के, असा तो मुळीच नाही. अम्मीला असे सांगून रडवणारे शहाणे नातेवाईक प्रत्येक खानदानात असतात!

आयडीएच-१ ची गोष्ट उलटी. 'म्युटंट' म्हणजे बदललेले, हा शब्द वाचून लोक घाबरतात. हे बदललेले प्रथिन एक वेगळा पदार्थ तयार करते आणि पेशी परिपक्व होऊ देत नाही. गाठीची सुरुवात तिथूनच होते. तरीही ग्लायोमा जातीच्या गाठीत हा बदल सापडलेले रुग्ण, तो नसलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त काळ जगतात.

एमजीएमटी हे दुरुस्ती करणारे प्रथिन. टेमोझोलोमाइड या गोळ्या गाठीच्या पेशीतला डीएनए बिघडवतात. एमजीएमटी तो पुन्हा सांधते. काही गाठींत या प्रथिनाचे जनुक झाकले गेलेले असते. रिपोर्टमध्ये 'मिथिलेटेड' असे येते ते हेच, आणि अशा वेळी गोळ्यांचा गुण अधिक येतो. ही तपासणी बहुधा वेगळी सांगावी लागते, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या.

आपल्याकडेही यावर काम चालते. आयआयटी मुंबईचे प्रा. संजीव श्रीवास्तव आणि टाटा मेमोरियलचे न्यूरोसर्जन डॉ. अलीअसगर मोईयादी यांनी मिळून मेंदूच्या गाठींतील प्रथिनांवर संशोधन प्रसिद्ध केले आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. मोठ्या रुग्णालयात पुढच्या तपासण्या त्यावरच होतात. नुसती फाइल घेऊन मुंबईला गेलात तर ब्लॉकसाठी कुणाला तरी परत यावे लागते. निघण्यापूर्वीच ऑपरेशन झालेल्या ठिकाणी अर्ज देऊन ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा गरम गाडीत ठेवू नका, मेण वितळते.