दहा स्क्रीन, परवाना एकाचाही नाही

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, तुमच्या शाळेत लोकवर्गणीतून संगणक कक्ष होणार असेल तर आधी हे वाचा, मग पैसे द्या.

आमचा कक्ष जूनच्या शेवटी सुरू झाला. एक दणकट सर्व्हर मशीन आणि त्याला जोडलेले दहा जुने संगणक. दहाही जागांवरून मुलं त्याच एका मशीनवर लॉगिन करायची. कमी पैशात काम झालं म्हणून गावकरीही खूश. दिवाळीची सुट्टी संपवून परत आलो तर मुख्य मशीन चालू, पण बाकी दहा स्क्रीनवर परवाना नसल्याचा संदेश! "बाई, व्हायरस आला का?" मुलांनी विचारलं.

व्हायरस नव्हता. विंडोज सर्व्हरवर अशा पद्धतीनं अनेकांनी एकदम काम करायचं तर सर्व्हरच्या किमतीशिवाय वेगळे परवाने घ्यावे लागतात, एकतर माणशी किंवा उपकरणामागे. त्यासाठी 120 दिवसांची मुदत मिळते. मुदतीत सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे परवाने घेतलेच नाहीत हे आपल्याला कळतही नाही. बसवणाऱ्यानं त्या मुदतीवरच कक्ष चालू करून दिला आणि बिल घेऊन गेला. जूनअखेर ते ऑक्टोबरअखेर, दिवस मोजून बघा.

शाळेनं परवाने घ्यायचेच असतील तर उपकरणामागे घ्यावेत असं मला वाटतं. आपल्याकडे पोरं दोनशे आणि जागा दहा. माणशी घेतले तर दोनशे लागतील, उपकरणामागे दहात भागतं. हा साधा हिशोब आम्हाला कुणी सांगितला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारला नाही.

"मग साधं विंडोज घ्या की!" असं एका पालकांनी सुचवलं. पण विंडोज 10 किंवा 11 वर एका वेळी एकानंच काम करायचं असतं. प्रो आवृत्तीवर दुसऱ्यानं दुरून लॉगिन केलं की समोर बसलेल्याची स्क्रीन बंद होते. 20 उपकरणं जोडता येतात हे खरं, पण ती सवलत फाइल, प्रिंटर अशा गोष्टी वाटून घेण्यापुरती आहे. वीस मुलं एकदम बसवायला नाही.

यावर 'पॅच' मारून देणारे भेटतातच. आम्हालाही भेटला. मी नको म्हटलं तर काही सहकाऱ्यांना ते जरा जास्तच वाटलं. मशीनमध्ये ताकद असून ती वापरता येत नाही याचा रागही येतो, मला पण आला. पण एसटीच्या बाकावर तिघं मावतात म्हणून एका तिकिटात तिघं बसत नाहीत. परीक्षेत शेजारच्याचं बघू नको म्हणायचं आणि त्याच मुलाला पॅच मारलेल्या मशीनवर बसवायचं, हे मला जमणार नाही.

त्यापेक्षा लिनक्स का नको? केरळच्या सरकारी शाळांत कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरच चालतं. लिनक्सवर किती जणांनी एकदम लॉगिन करायचं याला परवान्याची मर्यादा नाही, मशीनची मेमरी पुरली पाहिजे एवढंच. एका सर्व्हरवर अनेक जुने संगणक चालवण्यासाठी एलटीएसपी नावाची मोफत सोय आहे. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रीस आहे, मराठी युनिकोड टायपिंगही होतं. अडचण आहे ती आपल्याच सवयीची. आणि तालुक्याला लिनक्स येणारा माणूस शोधावा लागतो, हेही खरंच.

तुम्ही कक्ष घेताना विक्रेत्याला एवढंच विचारा: एकाच वेळी किती मुलं लॉगिन करतील, आणि त्याचे परवाने बिलात कोणत्या ओळीत आहेत? आमच्या बिलात ती ओळच नव्हती. सध्या दहापैकी चार संगणकांवर लिनक्स टाकून झालंय, उरलेले सहा नाताळपर्यंत करायचेत.