जुना लॅपटॉप फेकू नका, भलता नवा घेऊ नका

शुगर लँड, मिसुरी सिटी, रिचमंड आणि केटीकडच्या सर्व मराठी कुटुंबांना काही विनंत्या.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्स चालू करून घेतली, त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप इथेच अडतात. त्यांचा पडदा, कीबोर्ड, डिस्क सगळे ठणठणीत असते, तरी ते गराजमध्ये जातात. मग ऑगस्टमध्ये शाळा उघडायच्या सुमारास घरात दोनशे डॉलरचा नवाकोरा लॅपटॉप येतो.

तो घेऊ नका, ही पहिली विनंती. त्या किमतीत बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण मिळते, तीही बोर्डावर डाखलेली. पुढे काहीच वाढवता येत नाही. करमुक्त शनिवार-रविवारचीही वाट पाहू नका. टेक्सासच्या त्या सवलतीत दप्तरे आणि कपडे येतात, कॉम्प्युटर येत नाहीत. सव्वाआठ टक्के कर द्यावाच लागतो.

त्याच पैशांत, किंवा थोडे वर घालून, कंपन्यांनी वापरून काढलेला चांगला लॅपटॉप मिळतो. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रे बदलतात आणि ती रिफर्बिश होऊन बाजारात येतात. लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ७४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही तीन नावे लिहून ठेवा. तिन्ही लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या फुकट प्रणालीवर, वर्षानुवर्षे चाललेली आहेत. तिन्हींत रॅमचे दोन खाचे आहेत, डिस्क बदलता येते, आणि दुरुस्तीची माहिती व सुटे भाग सहज मिळतात. नावातले एक अक्षर मात्र नीट वाचा. टी४८०एस मध्ये काही रॅम डाखलेली असते, एक्स१ कार्बनमध्ये सगळीच.

सातव्या पिढीचे लॅपटॉप त्याहून स्वस्त दिसतील, कारण विंडोज ११ त्यांना अधिकृतपणे घेत नाही. लिनक्सला ते चालतात. पण आय५-७२०० यू मध्ये दोन कोअर आहेत आणि आय५-८२५० यू मध्ये चार. फरक वीस-तीस डॉलरचाच असेल तर आठवी पिढीच घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत, म्हणून ‘आत्ता ८ घेऊ, मग १६ करू’ असे म्हणू नका. १६ जीबी बसवलेलाच शोधा.

आता टाळायचे काय ते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप लिनक्ससाठी सध्या नकोत. ब्रॉडकॉमचे वाय-फाय कार्ड डोकेदुखी ठरते, इंटेलचे बिनबोभाट चालते. काही नव्या महागड्या इंटेल लॅपटॉपचा कॅमेरा लिनक्सला दिसतच नाही, आणि पालकांना झूमसाठी नेमका तोच हवा असतो. बोटाच्या ठशाचे सेन्सर चालतीलच असे नाही. एनव्हिडियाचे वेगळे ग्राफिक्स कार्ड गरज नसेल तर घेऊच नका.

या सगळ्यावर एकच खात्रीचा उपाय आहे. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार एका यूएसबी स्टिकवर उतरवा आणि लॅपटॉप त्या स्टिकवरून सुरू करा. आतल्या डिस्कला धक्का लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, एचडीएमआय तपासा. झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा, जाग येते का पाहा. समोरासमोर घेत असाल तर बायोसला पासवर्ड नाही ना, हेही तिथेच बघा. कंपनीने घातलेला पासवर्ड नंतर काढणे महाकठीण. ऑनलाइन मागवला असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सगळे उरका.

हीच स्टिक घरातल्या जुन्या लॅपटॉपलाही लावून पाहा. कदाचित खरेदीची गरजच उरणार नाही. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत आणि ते फुकट आहे. मराठी टंकायला इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मांडण्या त्यात निवडता येतात. आजीला भारतातले वर्तमानपत्र वाचायला आणि व्हिडिओ कॉल करायला एवढे पुष्कळ झाले. डिस्कवर काही टाकण्याआधी फोटो आणि कागदपत्रे मात्र दुसरीकडे उतरवून घ्या.

लिनक्स सगळ्यांना सोयीचे नाही, हेही सांगायला हवे. मुले फोर्टनाइट खेळत असतील तर ते चालणार नाही. कॉलेजच्या परीक्षांसाठी लागणारा रिस्पॉन्डस लॉकडाउन ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. टर्बोटॅक्सची डेस्कटॉप आवृत्तीही नाही, ऑनलाइन चालते. ज्या घरात यांतले काही अटळ आहे, तिथे एक विंडोज यंत्र राहू द्या. बाकीच्या यंत्रांना विंडोजपासून सोडवा.

उन्हाळ्यात आलेले आईबाबा परत निघताना असा लॅपटॉप सोबत द्यायचा विचार असेल तर चांगलेच. लॅपटॉपचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिन बदलावी लागते. १८ वर्षे किंवा त्यावरील प्रवाशाला भारतात एक लॅपटॉप शुल्काशिवाय नेता येतो. तो हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, चेक-इनच्या बॅगेत नको.

आपल्या भागात सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांची वाण नाही. त्यांना खास विनंती: मराठी शाळेत मुलांना सोडायला येता किंवा गणपतीच्या कार्यक्रमाला येता, तेव्हा खिशात एक मिंटची स्टिक ठेवा. ज्यांना हे जमणार नाही त्यांना तिथेच पंधरा मिनिटे द्या. बाकीच्यांनी घरातले बाजूला टाकलेले लॅपटॉप चार्जरसकट तिथे घेऊन यावेत. १३ ऑक्टोबरची वाट पाहू नका, याच आठवड्यात कपाट उघडा.