अंपायर, जरा बाजूला हो!

आपल्या हॉस्टेलच्या मॅचला अंपायर कसा ठरतो? बॅटिंग टीममधला जो पहिला आउट होऊन येतो, त्याच्या हातात सहा खडे द्यायचे आणि बोलरच्या स्टंपमागे उभं करायचं. मग तो बिचारा स्वतःच्या विकेटचं दुःख करत तिथेच खांबासारखा उभा!

मागच्या सेमिस्टरला तो खांब मी होतो. शेवटच्या बॉलवर दोन रन हव्या होत्या. दुसऱ्या रनला माझा रूमपार्टनर माझ्याच बाजूला धावत आला, थ्रो आला, स्टंप पडला. मी बोट वर केलं. मॅच गेली. रात्री एका ज्युनिअरने बाजूने घेतलेला मोबाइलचा व्हिडिओ दाखवला. बॅट चांगली वीतभर आत होती! आठवडाभर रूममध्ये शांतता. कोणी म्हणालं, डोळे तपासून घे. माझं म्हणणं, डोळे ठीक होते, जागा चुकली.

फर्स्ट इयरचं ड्रॉइंग आठवा. स्टंपमागून दिसतो तो फ्रंट व्ह्यू. धावणारा अंगावर येताना दिसतो, पण बॅट रेषेच्या किती आत आली ते कळत नाही. त्यासाठी साइड व्ह्यूच लागतो. लॅबमध्ये स्केल तिरकी वाचली की सर पॅरॅलॅक्स म्हणून ओरडतात ना, तेच हे!

आता थोडा हिशोब. दोन क्रीजमधलं अंतर १७.६८ मीटर. एक रन तीन सेकंदांत धरली, तर सेकंदाच्या दहाव्या भागात माणूस जवळजवळ ६० सेंटीमीटर पुढे जातो. त्यात बॅट नुसती रेषेवर असून भागत नाही, रेषेच्या आत टेकावी लागते. एवढ्या बारीक गोष्टीचा निकाल समोरून अंदाजाने द्यायचा?

१९९२ साली डर्बनच्या टेस्टमध्ये आपल्या सचिनला टीव्ही रिप्ले बघून रनआउट दिलं. थर्ड अंपायरने दिलेला तो पहिला आउट. रनआउटचे कॅमेरेसुद्धा क्रीजच्या रेषेत, बाजूलाच लावतात. आपल्याकडे कॅमेरा नाही, पण पाय आहेत!

म्हणून सांगतो. बॉल मारला गेला की स्टंपमागून निघा. बॉल ज्या बाजूला गेला त्याच बाजूला, थ्रोच्या वाटेत न येता, चार-पाच मोठी पावलं पळा आणि क्रीजच्या रेषेत थांबा. बॉलकडे पाठ करू नका. थ्रो आला की नजर क्रीज आणि स्टंपवर. आणि स्ट्रायकरच्या बाजूला स्क्वेअर लेगला दुसरा अंपायर हवाच. आउट होऊन बसलेले काय कमी असतात?

चेंबूरच्या गांधी मैदानात एका वेळी कितीतरी मॅच चालतात, आणि "आउट! नॉटआउट!" ही भांडणंही. त्यातली निम्मी तरी पाच पावलांत मिटतील, असं माझं मत आहे.

असो. रूमपार्टनर आता बोलतो. पण मी अंपायर असलो की धावताना आधी ओरडतो, "बाजूला हो रे!"