ऊर्जेचा अभ्यासक्रम आणि सातपुड्याचा हिशेब

पर्यावरण हा विषय आपल्या महाविद्यालयांत आला तो न्यायालयाच्या आदेशाने. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली तसा आदेश दिला. 2003 साली त्याला पुन्हा बजावावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य पाठ्यक्रम तयार केला. परंतु आदेशाने आलेला विषय बहुधा गुणपत्रिकेपुरताच उरतो. ओझोनच्या थरावर टिपण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला, आपल्या तालुक्यातील जमीन कोणाच्या विजेसाठी बुडाली, हा प्रश्न विचारला जात नाही.

हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्यात विचारला गेला पाहिजे. 1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सरदार सरोवरासाठी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बुडिताच्या यादीत गेली. नर्मदा पाणी तंटा लवादाच्या 1979 च्या निवाड्यानुसार प्रकल्पाच्या विजेतील 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. 1450 मेगावॉटच्या स्थापित क्षमतेवर तो सुमारे 391 मेगावॉट भरतो. ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते. ज्यांच्या शेतावर पाणी चढले, त्या भिल्ल-पावरा पाड्यांत मात्र वर्षानुवर्षे चिमणीच होती. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राची पुस्तके त्याला ‘बाह्य परिणाम’ असे सौम्य नाव देतात!

याच डोंगरात दुसरा धडाही घडला. धडगाव भागातील उदय नदीवरील बिलगावी केरळच्या ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’च्या तंत्रज्ञांच्या साहाय्याने आणि ग्रामस्थांच्या श्रमदानातून 15 किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. 2003 साली तो सुरू झाला आणि सुमारे तीनशे घरांत दिवे लागले. हिशेब घरटी पन्नास वॉटचा. पण वाटप गावाने ठरविलेले, देखभाल गावाची. 2006 च्या पावसाळ्यात, धरणाची उंची वाढविली जात असता, तो पाण्याखाली गेला. एका नदीखोऱ्यातील वीज दुसऱ्या विजेने बुडविली. ऊर्जानीतीचा यापेक्षा बोलका पाठ कोणत्या परदेशी ग्रंथात सापडेल?

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली जळगावला स्थापन झाले आणि 2018 पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव धारण करते. नंदुरबारची महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. ऊर्जा व पर्यावरणाचा अभ्यासक्रम येथे आखताना तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, विद्यार्थ्याने ओढ्याचा प्रवाह व पाण्याची उंची प्रत्यक्ष मोजून त्यातून किती वीज निघेल ते काढावे. सरपणासाठी बाईला रोज किती चालावे लागते, याचीही नोंद करावी. दुसरी, लवादाचा निवाडा, पुनर्वसनाच्या अटी आणि 2006 चा वनहक्क कायदा ही नेमलेली वाचने असावीत. तिसरी, भिली व पावरी बोलणारा जाणता शेतकरी वर्गात शिक्षक म्हणून यावा. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकापासून स्थानिक बोलीत शिकवून त्याची वाट दाखविली आहे.

अशा शिक्षणाने नोकरी कोठे मिळते, अशी शंका घेतली जाईल. ती खोटी नाही. गरिबाच्या मुलाला पदवीबरोबर पोटाचाही विचार करावा लागतो. परंतु सौरपंप आता शेतावर येत आहेत. ते बिघडले तर दुरुस्त करणारा शहरातून यावा की तोरणमाळच्या पायथ्याचा तरुण असावा? आणि केवळ दुरुस्ती शिकविली, मालकीचा प्रश्न शिकविला नाही, तर विद्यापीठ कंपन्यांना स्वस्त कामगार पुरविणारे केंद्र होईल. तंत्र आणि न्याय यांची फारकत होता कामा नये.

अभ्यासक्रम अभ्यास मंडळांत ठरतात, आणि त्या मंडळांकडे आपल्या चळवळीचे क्वचितच लक्ष असते. मोर्चा काढणाऱ्या कार्यकर्त्याला पाठ्यक्रमाचा मसुदा वाचणे कंटाळवाणे वाटते. तरीही तो वाचला पाहिजे, त्यावर लेखी सूचना दिल्या पाहिजेत, प्राध्यापकांना पाड्यांवर नेले पाहिजे. बिलगावचा प्रकल्प बुडाला. त्याचा हिशेब पुढच्या पिढीच्या वहीत उतरविणे अजून आपल्या हाती आहे.