हळद, उंदीर आणि अम्मीचा पाय

‘हळद भरली की जखम भरते, मग अम्मीच्या पायाची का भरत नाही?’ शुगर असलेल्या घरांतून हा प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. घाटकोपर असो की जोगेश्वरी, हळदीचा डबा हाताशी असतोच.

हळदीचा गुण खोटा नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने आपल्याकडचे जुने लिखाण पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. मुंबईत शिकलेल्या या मराठी शास्त्रज्ञाची गोष्ट आम्ही वर्गात हौसेने सांगतो. पण हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते, एवढेच त्या निकालाने ठरले. शुगरच्या पायाचा तो निवाडा नव्हे.

पुढे १९९९ मध्ये शुगर झालेल्या उंदरांवर हळदीतल्या करक्युमिनचा प्रयोग झाला. जखमा लवकर भरल्या. मात्र प्रयोगातल्या उंदराला शुगर बहुधा औषध टोचून आणतात, आणि जखमही ताजी, स्वच्छ, पाठीवर केलेली असते. शिवाय उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो. बटव्याची नाडी ओढावी तसा तो जखमेच्या कडा ओढून घेतो. माणसाची जखम मुख्यतः तळातून नवे मांस येऊन भरते. म्हणून काही संशोधक उंदराच्या जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवतात.

माणसाच्या कातडीला जास्त जवळची कातडी डुकराची. नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण इथे घेतले ते फक्त निरीक्षण. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटर यांना दिसले की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने येते. ‘वारा लागू दे, सुकू दे’ हा आपल्या घरांतला सल्ला तिथेच मोडीत निघाला.

अम्मीच्या पायाच्या नसा बधिर, रक्त कमी पोहोचते, वर चालण्याचा दाब. हळद भरली की तळ दिसत नाही, पू आत लपतो. तेव्हा त्या जखमेत हळद भरू नका, डॉक्टरांना दाखवा. जखम नसेल तरी वजू करताना बोटांच्या बेचक्यांत खिलाल होतोच. तेव्हाच तळवा पाहा, बेचके कोरडे पुसा. वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा नातवाला बोलवा. डॉक्टरांनी पायाला पाणी वर्ज्य केले असेल तर मसहबद्दल जवळच्या आलिमांना विचारा. पाय काळा पडला, पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.