जुन्या यंत्रांची पूजा, जुन्या फितींची उपेक्षा

१/ नवापूरच्या किनाऱ्यावरची खारी, दमट हवा खिडकीचे गज गंजवते आणि कपाटातली ध्वनिफीतही नासवते. नेमक्या याच काळात व्हायोलिन-पियानोचे नवे वादन मुद्दाम जुन्या अ‍ॅनालॉग यंत्रांवर मुद्रित करण्याची हौस वाढते आहे. दावा असा, की ‘खरा’ स्वर तिथेच सापडतो. इतिहास या दाव्याला दुजोरा देत नाही. 🧵

२/ २ डिसेंबर १८८९, व्हिएन्ना. ब्राम्सने एडिसनच्या फोनोग्राफपुढे पियानोवर आपल्या एका हंगेरियन नृत्याचा अंश वाजवला. ते मेणाचे नळकांडे आज ऐकताना खरखरीच्या मागे पियानो अक्षरशः शोधावा लागतो. ‘अस्सल’पणाचा आरंभ हा असा आहे.

३/ त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादक कर्ण्याच्या तोंडाशी बसत. कर्ण्याची पोहोच साधारण २०० ते २,५०० हर्ट्झ, तर पियानोची कक्षा २७.५ ते ४,१८६ हर्ट्झ. म्हणजे वाद्याचा तळही गेला आणि शेंडाही.

४/ व्हायोलिन तर कर्ण्याला ऐकूच जाईना. मग ऑगस्टस स्ट्रोहने १८९९ मध्ये लाकडी पेटीऐवजी पडदा आणि धातूचा कर्णा बसवलेल्या व्हायोलिनचे पेटंट घेतले. यंत्राला वाद्य पकडता येईना, म्हणून वाद्यच यंत्राजोगे करून घेतले गेले.

५/ भारतातही तेच. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात फ्रेड गेसबर्गने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तासभर फुलणारा राग त्या मापात कापून बसवावा लागला. विशेष म्हणजे या तबकड्यांसाठी लागणारी लाख मुख्यतः भारतातूनच जात होती.

६/ १९२५ मध्ये विद्युत मुद्रण आले, १९३५ मध्ये जर्मनीत मॅग्नेटोफोन. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस बर्लिनमध्ये गीझेकिंगने वाजवलेला बीथोव्हनचा पाचवा पियानो कॉन्चेर्तो स्टिरिओ फितीवर टिकला आहे. त्यात विमानवेधी तोफांचे आवाजही येतात. प्रत्येक टप्प्यावर अभियंते मागच्या यंत्राचे दोष दूर करण्यासाठी झटत होते. आज त्याच दोषांना ‘ऊब’ म्हणून मिरवले जाते.

७/ फितीचा वेग किंचित जरी हलला, तरी पियानो चुगली करतो: हातोडी तारेवर पडल्यावर त्याचा स्वर स्थिर राहायला हवा, तो डळमळताना लगेच कळते. व्हायोलिनच्या कंपात तोच दोष काहीसा लपतो. ज्याला तो आवाज आवडतो, त्याने खुशाल ऐकावा. पण रुची म्हणजे प्रमाण नव्हे.

८/ एक युक्तिवाद मात्र मान्य करायला हवा. फितीवर मुद्रण करताना कापाकापी अवघड आणि खर्चिक, म्हणून वादक सलग, जबाबदारीने वाजवतो. खरे आहे. पण हा संयम संगणकापुढे बसूनही पाळता येतो. त्यासाठी जुने यंत्र झिजवण्याचे कारण नाही.

९/ आता महाराष्ट्राकडे पाहू. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, श्रीधर पार्सेकर, डी. के. दातार यांनी परदेशी व्हायोलिन रागसंगीतात रुजवले. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. गोव्याच्या वादकांनी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद तोलून धरले. या पिढ्यांचे सलग मैफलीतले वादन जिथे उरले आहे, तिथे ते बहुधा फितींवर आहे.

१०/ आणि फीत मरते. अ‍ॅसिटेटची फीत कुजू लागली, की तिला शिरक्याचा वास येतो. १९७० नंतरच्या अनेक पॉलिएस्टर फितींतले बंधक द्रव्य ओलावा शोषून चिकट होते; वाजवताना लेप खरवडून हेडवर बसतो. कोकणपट्टीच्या हवेत ही प्रक्रिया थांबून राहत नाही.

११/ २०१९ मध्ये युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इशारा दिला होता: २०२५ च्या सुमारास अनेक ठिकाणी चुंबकीय फिती नेमाने वाजवणे अशक्य होईल. कारण फिती नासतात हे जसे, तसेच त्या वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग संपत चालले आहेत, हेही.

१२/ खरा वाद इथे आहे. टेपयंत्राच्या हेडचे आयुष्य मोजके असते. नव्या वादनाला जुना साज चढवण्यासाठी गेलेला प्रत्येक तास एखाद्या न ऐकलेल्या मैफलीच्या वाट्याचा तास असतो. नवे वादन कशावरही मुद्रित होईल. जुनी फीत फक्त जुन्या यंत्रावरच बोलेल.

१३/ नवापूरजवळच तारापूर. तिथला अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला. त्यामागे होमी भाभांची दृष्टी होती, आणि ते पाश्चात्त्य अभिजात संगीताचे निस्सीम रसिक होते. त्याच १९६९ मध्ये त्यांचे बंधू जमशेद भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांच्या पुढाकाराने मुंबईत एनसीपीए स्थापन झाले. विज्ञान आणि संगीत एकाच घरात नांदत होते. जपणुकीच्या कामाला आज हीच जोडी हवी.

१४/ म्हणून पालघर-बोईसर परिसरात ज्यांच्या माळ्यावर स्पूल असतील, त्यांनी ते हौसेने लावून पाहू नयेत. डब्यावरची अक्षरे टिपावीत, कोरड्या जागी उभे ठेवावेत आणि जाणकार संग्रहालयाकडे न्यावेत. तिथे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची डिजिटल प्रत करून घ्यावी. यंत्राचे धनी असलेल्यांनी त्याचे तास या कामाला द्यावेत.

१५/ जुन्या यंत्रावर प्रेम असेल, तर ते ज्यासाठी घडले ते काम त्याला पुरे करू द्यावे. दिवाणखान्यात चकचकीत टेपयंत्र आणि माळ्यावर बुरशी धरलेली मैफल, याला वारसा म्हणत नाहीत.